हिरवी कंपनी, लाल कंपनी आणि लॉनी

६ मार्च, गुरुवार

मी पास! लॉनी नापास!

खरं तर उलटं व्हायला हवं होतं. ट्रकचं खूळ त्याचं, अगदी शाळेत असल्यापासूनचं. ॲल्युमिनियमचा कारखाना बंद पडला त्या दिवशी हातातला डबा खाली ठेवायच्या आत म्हणाला, "नोरीन, आता ट्रक! दोघांनी! एक पाळी तुझी, एक माझी. अख्खा देश बघू." माझी शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी त्याच सुमारास गेलेली — दोन शाळांची एक झाली, तिला एकच स्वयंपाकघर पुरलं. ड्रायव्हिंग स्कूलची फी सरकार भरणार होतं. म्हटलं, बरं. सोबत म्हणून गेले. सोबत म्हणून!

आणि आज त्यानं रिव्हर्स घेताना तीन नारिंगी शंकू चिरडले. मी मात्र ते एवढं मोठं धूड अलगद नेऊन दोन रेघांमध्ये ठेवलं, भट्टीत पावाचा ट्रे सरकवावा तसं. परीक्षक म्हणाला, "आधी कुठे चालवत होतात?"

"शाळेत. जेवणाची ढकलगाडी."

घरी येताना लॉनी अख्खा रस्ता बोलत होता. शंकू चुकीच्या जागी होते. ऊन आरशात होतं. परीक्षकाला त्याचा चेहराच आवडला नव्हता. मी हं हं म्हणत होते. आनंद कुठे ठेवू ते कळत नव्हतं, म्हणून पर्समध्ये लायसन्सच्या कागदाशेजारी ठेवला आणि चेन लावली.


७ मार्च, शुक्रवार

ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस, चर्चमध्ये मासे तळायचा शुक्रवार. सगळं गाव तिथं आणि सगळ्या गावाला बातमी. कोणी सांगितली? लॉनीनं! दारातच उभा होता, येईल त्याला सांगत होता, "माझी बायको! पहिल्याच फटक्यात!" माझ्यापेक्षा त्यालाच जास्त आनंद झालेला. राग धरावा म्हटलं तर धरता येत नाही या माणसावर.

मग सल्ले. कोबीच्या कोशिंबिरीपाशी एक सल्ला, तेलाच्या कढईपाशी दुसरा. मोठ्या कंपनीत जा. मोठ्या कंपनीत मुळीच जाऊ नको. बर्फातली कंपनी नको. गुरं वाहणारी तर नकोच नको, वास डोक्यातून जात नाही. ज्यांनी आयुष्यात ढकलगाडीसुद्धा चालवली नाही त्यांचे सल्ले सगळ्यांत लांब.

लॉनीचा चुलतभाऊ ड्वेन माशाची तिसरी बशी घेऊन समोर येऊन बसला. त्याचे स्वतःचे सात ट्रक, खडी वाहतात. "वहिनी, परक्यांकडे कशाला? घरची कंपनी आहे की! सोमवारपासून ये. आणि लॉनी पहिल्या दिवसापासून शेजारी बसू दे. मला काय त्याचं!"

लॉनीचे डोळे असे चमकले की मला माझा मासा गार झालेला कळलाच नाही.


८ मार्च

फोन! फोन! फोन! लग्नाच्या वयातसुद्धा मला इतकी मागणी नव्हती.

या कंपन्यांना आमचा नंबर कोण देतं देव जाणे. एकजात सगळ्यांना मीच हवी आहे. सगळ्यांत गोड हिरव्या ट्रकवाल्यांची ट्रिश. "अगं माझ्या राणी, तुझी तर मी वाटच बघत होते!" ओळख ना पाळख. नवा कोरा ट्रक, त्यात फ्रिज, गुबगुबीत गादी, आणि पहिला महिना झाला की नवऱ्याला बरोबर न्यायची मुभा.

फोन लॉनीच घेतो. "मी त्यांचा मॅनेजर बोलतोय." मग पायावर पाय टाकून विचारतो, तुमचं इंजिन कुठलं, किती ताकदीचं, आरसे गरम होतात का. त्यांनी "ड्रायव्हरशी बोलू का?" म्हटलं की फोन माझ्याकडे, आणि कान माझ्या कानाला चिकटलेला.


११ मार्च, मंगळवार

प्रेंटिसमास्तरांना भेटून आले. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आम्हाला शिकवणारे हेच. साठीच्या पुढचा माणूस, आयुष्य ट्रकवर काढलेलं, रागावतानासुद्धा आवाज चढत नाही. त्यांच्यासाठी चेस पाय नेला होता, अंडी-लोणी-साखरेचं गोड सारण भरून भाजलेला. त्यांनी उभ्याउभ्याच निम्मा संपवला आणि म्हणाले, "नोरीनबाई, ट्रकचा रंग विसरा. फ्रिज विसरा. पहिली कंपनी म्हणजे काही जन्माची गाठ नव्हे. पहिल्या वर्षात एकच काम, काही ठोकायचं नाही."

"मग निवडू कशावरून?"

"तुमच्या शेजारी शिकवायला कोण बसवणार, ते विचारा. आणि तुम्ही 'नाही' म्हणालात तर काय करतात, ते बघा."

"कशाला नाही?"

"कशालाही. वारा आहे, बर्फ आहे, झोप येतेय, ब्रेक बरा वाटत नाही. नाही म्हणा आणि बघा."

उरलेला पाय मागून घेतला त्यांनी. भांडंसुद्धा ठेवून घेतलं!


१३ मार्च

लॉनी दुसऱ्यांदा नापास. या वेळी एकच शंकू, तोही अगदी शेवटी. सगळं नीट चाललं होतं. मी कुंपणाबाहेरून बघत होते. मागचं चाक हळूच वळलं आणि शंकू आडवा. लॉनी उतरला तो हसतच. मला वाटलं, बिचारा तोंड लपवतोय.

जेवताना मात्र स्वारी खुशीत. "नोरीन, मी ठरवलं. मी चालवणारच नाही. तू चालव, मी शेजारी बसतो! नकाशा मी बघेन. स्वयंपाक मी करेन. तुला झोप येऊ नये म्हणून बोलत राहीन."

बोलत राहीन!


१४ मार्च, शुक्रवार

लॉनीनं विजेवरची छोटी कढई आणली. शिवाय पाठीची उशी, रस्त्यांच्या नकाशांचं जाडजूड पुस्तक, आणि डॅशबोर्डवर चिकटवायचा मान हलवणारा कुत्रा. अजून कंपनी नाही, ट्रक नाही, कुत्रा तयार!

तो बाजारात असताना लाल ट्रकवाल्यांचा फोन आला. टॉलिव्हर नावाचा माणूस. याच्याकडे राणी नाही, सोन्या नाही.

"शिकवायला कोण देणार?" मी विचारलं.

"बाई हवी असेल तर बाई देऊ. थोडं थांबावं लागेल."

"नवरा बरोबर चालतो?"

"नाही. पहिले सहा महिने कोणीच नाही. तुम्ही आणि रस्ता."

आणि माझ्या छातीत काहीतरी टुणकन उडालं!

इथे लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार? मला एकटीला जायचंय. शाळेच्या जेवणघरात बावीस वर्षं तीनशे पोरांचा कल्ला ऐकला. घरी आले की लॉनी. लॉनी चांगला आहे. लॉनी सोन्यासारखा आहे. पण लॉनी सकाळी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडतो. टोस्टरशीसुद्धा बोलतो. मला एकदा, फक्त एकदा, काहीच ऐकू येणार नाही अशा ठिकाणी बसून पुढे पुढे जायचंय.

तो आला. "कोणाचा फोन?" विचारलं. म्हटलं, "चुकीचा नंबर."


१५ मार्च

मी वाईट बाई आहे. ईस्टरपर्यंत चॉकलेट सोडलं होतं, ते खाल्लं. अख्खी वडी.


१९ मार्च, बुधवार

आज बरंच घडलं. सरळ क्रमानं लिहिते, नाहीतर घोटाळा होईल.

ड्वेन मागेच लागला होता, एक खेप करून तर बघ. लॉनी त्याच्यापेक्षा जास्त मागे लागला होता. म्हणून सकाळी दोघं ड्वेनच्या आवारात गेलो. लॉनीनं चर्चला जायची पँट घातलेली, काखेत उशी. ट्रक खडीनं भरून उभा होता, नदीपलीकडे जायचा.

मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे मी ट्रकभोवती फिरायला लागले. दिवे, चाकं, नट. ड्वेन घड्याळ बघत होता. मागच्या ट्रेलरच्या आतल्या बाजूच्या टायरपाशी वाकले, तर रबर झिजून आतल्या तारा बाहेर आलेल्या. त्याच्या जरा पुढे फुस्स असा आवाज. ब्रेकच्या हवेची नळी चिरलेली, चिकटपट्टीनं गुंडाळलेली. किराणा दुकानात खोके बांधतात ती चिकटपट्टी!

म्हटलं, "ड्वेन, हा नाही जायचा."

"अगं वहिनी, काल गेला, परवा गेला. इथल्या इथे तर जायचंय."

"ब्रेकची हवा सुटतेय."

"थोडी सुटतेच. शाळेत शिकवतात ते शाळेपुरतं. खऱ्या रस्त्यावर असं चालत नाही."

"नाही," मी म्हटलं. आवाज माझा, पण मलाच नवा वाटला. "मी नाही चालवणार."

ड्वेनचा चेहरा उतरला, मग चढला. "घरच्या माणसाला नाही म्हणतेस? एवढीशी बाई, काल लायसन्स मिळालं आणि मला शिकवतेस? लॉनी, सांग हिला काहीतरी."

लॉनीकडे बघायची मला हिंमत होईना. त्याच्या काखेत ती उशी. पहिल्या दिवसापासून शेजारी बसायला मिळणार होतं ते इथेच.

लॉनीनं उशी माझ्या हातात दिली आणि चर्चची पँट घालून सरळ त्या ट्रकखाली शिरला. चिखलात. बराच वेळ फक्त त्याचे बूट दिसत होते. मग बाहेर आला, गुडघ्यापर्यंत बरबटलेला. माझा दंड धरला. "नोरीन, चल."

ड्वेन मागून ओरडत होता, "जा जा, फ्रिजवाल्यांकडे जा!" मी वळून बघितलं नाही. लॉनीनंही नाही.

गावाबाहेर आल्यावर त्यानं पिकअप बाजूला घेतली आणि बंद केली. हात मांडीवर.

"त्यात मी तुला बसवणार होतो," तो म्हणाला. "मला शेजारी बसायला मिळावं म्हणून."

"बसले कुठे? नाही बसले."

"अजून एक आहे." आणि गप्प. लॉनी गप्प! मी घाबरले. "मास्तर मला ओहायो नदीच्या पुलावर घेऊन गेले होते ना, फेब्रुवारीत? मधोमध गेलो आणि माझे हात लाकूड झाले. खाली पाणी, मागे तेवढं वजन. मास्तरांनी शेजारून चाक धरलं, म्हणून पलीकडे पोचलो. ते कोणाला बोलले नाहीत. भला माणूस."

"अरे, मग मला तरी—"

"दुसऱ्या परीक्षेत शंकू पडला नाही, नोरीन. मी पाडला. पास झालो असतो तर चालवावा लागला असता."

कुंपणापलीकडे एक गाय आमच्याकडे बघत होती. मी गाईकडे बघत राहिले. पोरवयापासून ज्या गोष्टीचं स्वप्न बघितलं, तिचीच भीती वाटते हे पन्नाशी उलटल्यावर कळावं! आणि ते कोणाला सांगताही येऊ नये!

"पण बसू शकतो मी," लॉनी म्हणाला. "शेजारी बसलो की नाही वाटत काही. तू चालवत असलीस की."


२० मार्च

आता मी काय करू?


२२ मार्च, शनिवार

केंड्राचा लुइव्हिलहून फोन. लेकीला सगळं सांगितलं — पूल सोडून. ते लॉनीचं आहे, त्यानंच सांगावं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, बाबांना काय हवंय ते कळलं. ड्वेनकाकाला काय हवंय तेही कळलं. तुला काय हवंय?"

मी म्हटलं, "ओव्हनमध्ये काहीतरी जळतंय बहुतेक." आणि फोन ठेवला. ओव्हन बंद होता.


२४ मार्च, सोमवार

सांगून टाकलं.

लॉनी बटाटे सोलत होता. सोलता सोलता हिरव्या कंपनीचं गुणगान चाललं होतं. फ्रिजमध्ये काय काय ठेवता येईल, कुठल्या राज्यात कुठला पाय चांगला मिळतो. मी समोरची खुर्ची ओढली.

"लॉनी, मला एकटीला जायचंय. निदान सुरुवातीला. लाल कंपनी सहा महिने कोणाला बसू देत नाही. मला ती हवीय. त्याचसाठी हवीय."

सुरी थांबली. "माझं काही चुकलं का?"

"नाही रे."

"मग?"

"तू बोलतोस, लॉनी."

"मी बोलतो?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं! "म्हणजे... बोलतो. पण लोकांना आवडतं माझं बोलणं."

"आवडतंच. पण लोक नंतर आपापल्या घरी जातात, लॉनी."

त्यानं हातातला बटाटा पातेल्यात टाकला, हात पुसले आणि बाहेर जाऊन गवत कापायला लागला. मार्चमध्ये! गवत अजून उगवलंसुद्धा नाही. यंत्राचा आवाज अंधार पडेपर्यंत.

मी बटाटे उकडले. दोघांनी खाल्ले. मीठ राहिलं होतं, कोणीच बोललं नाही.


२५ मार्च

आज लॉनी एक शब्द बोलला नाही. रागानं नव्हे, मला दाखवायला. की जमतं म्हणून. कॉफी हवी असेल तर कप उचलून दाखवतो. शेजारचा रॉस्को कुंपणापाशी आला, त्यालाही नुसती मान. रॉस्को धावत मला विचारायला आला, "डॉक्टरकडे नेलं का त्याला?"

संध्याकाळी बघते तर गॅरेजमध्ये जाऊन एकटाच टेबलपंख्याला काहीतरी सांगत होता. मी पाय न वाजवता परत आले. हसू आवरेना. आणि मग हसूच वाटेना.


२६ मार्च, बुधवार

दुपारी लॉनी बाहेरून आला. फोन हातात, गाल लाल.

"दोघांनाही फोन केला मी. मॅनेजर म्हणून."

"बोलायला लागलास?"

"कामाचं बोलतोय. हिरवीला विचारलं, वारा सुटलाय, ट्रेलर रिकामा आहे, उलटायची भीती आहे आणि माझी बायको म्हणाली, मी नाही जाणार. तर? हसली. म्हणाली, 'राजा, आमचे ड्रायव्हर असं म्हणतच नाहीत.' मी पुन्हा विचारलं. पुन्हा हसली. मग त्या गादीचं सांगायला लागली."

"आणि लाल?"

"त्याला तेच विचारलं. तो म्हणाला, 'थांबायचं.'"

"पुढे?"

"पुढे काही नाही. फोन ठेवला त्यानं! काय माणूस आहे! बोलतच नाही!"

लॉनी खुर्चीत बसला. चिखलाची ती पँट अजून दाराच्या खिळ्यावर टांगलेली होती, डाग काही गेले नाहीत. तिच्याकडे बघत म्हणाला, "लालच घे, नोरीन."

"सहा महिने, लॉनी."

"ठाऊक आहे. मला मोजता येतं."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस किती विरळ झालेत. कधी झाले?

मग तो म्हणाला, "पण रोज फोन करायचा. आणि मला बोलू द्यायचं."


१४ एप्रिल

मेम्फिसजवळ, कंपनीच्या आवारात. आम्ही नवे एकोणीस जण, बाया दोनच. दुसरी माझ्या केंड्राहून लहान. सगळ्यांना थंडगार सँडविच. शाळेच्या पोरांनी तोंडात घातलं नसतं. टॉलिव्हर समोर दिसला. आडनावानंच विचारलं, "हिग्डन?" म्हटलं, "हो." "बरं." आणि गेला. इतकं लांबचं संभाषण त्यानं आज दुसऱ्या कोणाशी केलं नसेल.


२ मे

मला शिकवायला बर्निस. कानामागे केस, तोंडात सूर्यफुलाच्या बिया. सकाळी "चल" म्हणते, संध्याकाळी "बस." मध्ये फक्त बियांची टरफलं. स्वर्ग!

काल टेकडी उतरताना मी गिअर चुकवला आणि ट्रक अंगात आल्यासारखा धावायला लागला. बर्निस ओरडली नाही. बिया चघळायच्या थांबल्या, एवढंच. तेवढ्यानंच मी शहाणी झाले.


९ जून

एकटी!!!

माझा ट्रक. माझ्या किल्ल्या. कॅन्सस. दोन्ही बाजूंना पिकलेला गहू आणि मधून मी. दुपारभर कोणी काही बोललं नाही. मीही नाही. मध्येच लक्षात आलं की माझे खांदे खाली आलेत. इतकी वर्षं ते कानांपाशी होते हे मला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी लॉनीचा फोन. टोमॅटो, रॉस्कोचं गुडघ्याचं दुखणं, चर्चच्या जेवणात मटण जरा जास्तच भाजलं, ड्वेनच्या दोन ट्रकना पोलिसांनी रस्त्यावरच थांबवलं आणि हलू दिलं नाही. (मी काही बोलले नाही. पण पाय नाचवले.) तो बोलत राहिला. मी गव्हाकडे बघत ऐकत राहिले. दुरून लॉनी फार छान वाटतो.


१७ जुलै

नेब्रास्का. समोर आभाळ जांभळं-काळं, ट्रेलर रिकामा, वाऱ्यानं मागून ढकलाढकली. पुढच्या थांब्यावर आत घेतला आणि ऑफिसला फोन लावला. "मी नाही जात पुढे."

पलीकडून, "बरं. थांबा. निघाल्यावर कळवा."

एवढंच! मी फोन ठेवला आणि रडले. मग गारा पडल्या, लिंबाएवढ्या. मी आत बसून बिया खाल्ल्या. बर्निसची सवय लागलीय.


३० ऑगस्ट

आज लॉनीनं विचारलं नाही. रोज विचारतो, "कसं वाटतंय एकटीला?" आज हवापाण्याचं बोलला, टोमॅटो संपल्याचं बोलला आणि फोन ठेवला. मला कधीपासून सांगायचं होतं, वायोमिंगमध्ये रस्त्याकडेला हरणांचा अख्खा कळप दिसला, सगळे एकदम मान वर करून बघत होते. राहिलं.


२१ सप्टेंबर

कालही राहिलं. सांगायच्या गोष्टी साठत चालल्यात. केबिनमध्ये मी मोठ्यानं बोलायला लागलेय. लॉनीनं आणलेल्या, डॅशबोर्डवरच्या त्या मान हलवणाऱ्या कुत्र्याशी!


१६ ऑक्टोबर

परवानगी आली. उद्या लॉनीला घेते. फोनवर सांगितलं तर म्हणाला, "कुठली पँट घालू?"


१७ ऑक्टोबर, शुक्रवार

लॉनी शेजारी. ओहायोच्या पुलावर त्यानं दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला, पण डोळे मिटले नाहीत. अख्खं इंडियाना एक शब्द नाही. मी घाबरले, म्हणून मीच बोलायला लागले: हरणं, गारा, बर्निस, मेम्फिसचं सँडविच, सगळं. इलिनॉय संपत आलं तरी माझं चालूच. समोर सेंट लुइस, खाली मिसिसिपी, आणि लॉनी नाक काचेला लावून बसलेला.

"नोरीन," तो म्हणाला, "जरा गप्प बसशील? बघू दे मला."